‘लाइट’च्या विरुद्ध काय? : वर्डनेटचे परीक्षण

इंग्रजीतील ‘लाइट’ या विशेषणाचा विरुद्धार्थी शब्द कोणता, असे विचारले की बहुतेकांच्या तोंडून ‘हेवी’ येते, रंगांशी रोजचा संबंध असलेल्यांच्या तोंडून ‘डार्क’ येते, आणि ज्यांना इंग्रजी मजकूर मराठीत आणावा लागतो ते उत्तर देण्याआधी ‘लाइट काय?’ असा प्रतिप्रश्न करतात. ओझे, निळा रंग, झोप, वारा, शिक्षा, ऑपेरा, पाणी या सगळ्यांना हे एकच विशेषण लागते आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी त्याच्या समोरचा शब्द बदलतो. अशा शब्दांशी झगडताना मी बऱ्याच काळापासून वर्डनेट वापरत आलो आहे. विरुद्धार्थी शब्द देणाऱ्या याद्या आणि संकेतस्थळे पुष्कळ आहेत, परंतु त्यांपैकी अनेक ‘लाइट’पुढे पंधरा-वीस शब्द एका ओळीत ओततात आणि त्यांतला कोणता शब्द कोणत्या ‘लाइट’चा, हे ओळखण्याचे काम वाचकाच्या गळ्यात घालतात. वर्डनेटची मांडणी याहून पुष्कळ विचारपूर्वक केलेली आहे. ती ‘लाइट’सारख्या शब्दाला कितपत पुरते, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

वर्डनेट हा इंग्रजी शब्दांचा संगणकीय कोश आहे. प्रिन्स्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या नेतृत्वाखाली 1985 मध्ये त्याचे काम सुरू झाले. त्यात शब्द वर्णानुक्रमाने लावलेले नसून अर्थानुसार गटांत बांधलेले आहेत. एकाच अर्थाचे शब्द एका गटात येतात, गटाला एक छोटी व्याख्या आणि बहुधा एखाददुसरे उदाहरण जोडलेले असते, आणि हे गट एकमेकांशी निरनिराळ्या नात्यांनी जोडलेले असतात. 2006 मध्ये आलेल्या 3.0 या आवृत्तीत असे सुमारे 1,17,000 गट आहेत. नाम, क्रियापद, विशेषण आणि क्रियाविशेषण या चारच शब्दजाती त्यात आहेत. शब्दयोगी अव्ययांसारखे शब्द तिथे शोधू नयेत. नामांची रचना ‘हा त्याचा प्रकार’ अशा उतरंडीने केलेली आहे. विशेषणांना तशी उतरंड नसते, म्हणून त्यांची बांधणी विरोधाच्या आधारे केलेली आहे, आणि आपल्या कामाच्या दृष्टीने वर्डनेटचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

या बांधणीमागचा विचार समजून घेतला नाही तर साधन अपुरे वाटते आणि घेतला तर त्याचे कौतुक वाटते. विरोध हा दोन अर्थांमध्ये असतो असे आपण सहज धरून चालतो. वर्डनेटने तो दोन शब्दांमध्ये मानला आहे. ‘हेवी’ आणि ‘लाइट’ ही जोडी इंग्रजी भाषकाच्या मनात पक्की आहे. एक उच्चारला की दुसरा आठवतो. ‘पाँडरस’ या शब्दाचा अर्थही बोजड, अवजड असाच आहे, पण ‘पाँडरस’ ऐकल्यावर कोणाला ‘लाइट’ आठवत नाही आणि त्याच्यासमोर ठेवावा असा ठरलेला शब्दही नाही. म्हणून वर्डनेटमध्ये ‘हेवी’ हा गटाचा म्होरक्या आहे, ‘पाँडरस’सारखे शब्द त्याच्याभोवती उपग्रहांप्रमाणे फिरतात, आणि ‘पाँडरस’चा विरुद्धार्थी शब्द मागितला तर उत्तर ‘अप्रत्यक्ष, हेवीमार्गे लाइट’ अशा स्वरूपात येते. ‘वेट’ आणि ‘ड्राय’ यांच्याबाबतही हेच. ‘डॅम्प’ हा ‘वेट’च्या बाजूचा आणि ‘ॲरिड’ हा ‘ड्राय’च्या बाजूचा, पण ‘डॅम्प’च्या विरुद्ध ‘ॲरिड’ असे कोणी म्हणत नाही. आपल्याकडेही ‘दमट’ला समोरासमोर उभा राहील असा शब्द सांगताना अडखळायला होते आणि शेवटी ‘कोरडा’वर समाधान मानावे लागते, ते ‘ओला’मार्गेच आलेले असते. हे ‘मार्गे’ प्रांजळपणे लिहून दाखवणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. शब्द भरभरून देण्यापेक्षा शब्द कोणत्या वाटेने आला ते सांगणे अनुवादकाला जास्त उपयोगी पडते, कारण अशा उत्तरावर किती भिस्त ठेवायची ते त्याला कळते.

आता ‘लाइट’. विशेषण म्हणून वर्डनेटमध्ये या शब्दाचे वीसहून अधिक अर्थ नोंदलेले आहेत. वजनाने कमी, रंगाने फिकट, प्रमाणाने थोडा, मनाने निश्चिंत, प्रकाशाने भरलेला, पचायला सोपा, करमणुकीपुरता, सहज मोडणारा (झोपेच्या संदर्भात), कमी उष्मांकांचा, असा तो विस्तार आहे. प्रत्येक अर्थाचा विरोध वेगळा दाखवलेला आहे हे पहिले समाधान, आणि इतक्या अर्थांसमोर प्रामुख्याने ‘हेवी’ आणि ‘डार्क’ हे दोनच शब्द पुन्हा पुन्हा उभे राहतात ही पहिली निराशा. ही निराशा पूर्णपणे साधनाच्या माथी मारता येत नाही. पक्क्या जोड्याच नोंदवायच्या असे एकदा ठरवले की ‘लाइट’ला पक्क्या जोड्या दोनच आहेत, हे मान्य करावे लागते.

त्या दोनच का, याचे उत्तर व्युत्पत्तीत आहे आणि वर्डनेटमध्ये व्युत्पत्ती नाही, ही माझी पहिली खरी तक्रार. ‘लाइट’ हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. वजनाने कमी हा अर्थ असलेला ‘लाइट’ लॅटिनमधील ‘लेविस’ आणि संस्कृतमधील ‘लघु’ यांचा नातलग आहे. उजेडाचा ‘लाइट’ लॅटिनमधील ‘लुक्स’ आणि संस्कृतमधील ‘रुच्’ धातूच्या गोतावळ्यातला, म्हणजे ‘रोचते’ या रूपातील मूळच्या चकाकण्याशी संबंधित आहे. इंग्रजीत या दोहोंची रूपे फार पूर्वीच सारखी झाली. जर्मनमध्ये मात्र हलक्यासाठी ‘लाइख्त’ आणि उजेडासाठी ‘लिख्त’ असे ते आजही निराळे आहेत. (‘लघुक’चे प्राकृतात ‘लहुअ’ आणि वर्णांची अदलाबदल होऊन ‘हलुअ’ झाले, त्यातून आपला ‘हळू’ आला. तेव्हा इंग्रजीतला हलका ‘लाइट’ आणि मराठीतला ‘हळू’ हे दूरचे भाऊबंद ठरतात.) चांगले छापील कोश या दोन ‘लाइट’ना वेगळ्या नोंदी देतात. वर्डनेट दोहोंचे अर्थ एकाच क्रमाने, साधारणपणे वापराच्या वारंवारतेनुसार, एकाखाली एक मांडते. त्यामुळे पहिला अर्थ वजनाचा, दुसरा रंगाचा, आणि पुढे पुन्हा वजनाकडून निघालेले लाक्षणिक अर्थ, अशी सरमिसळ होते. नवख्या वाचकाला यातून असे वाटण्याची शक्यता असते की एकाच अर्थाच्या वीस छटा आहेत. प्रत्यक्षात दोन झाडांच्या फांद्या एकमेकांत गुंतलेल्या आहेत, आणि एका झाडासमोर ‘हेवी’ आहे तर दुसऱ्यासमोर ‘डार्क’.

या बाबतीत पीटर मार्क रॉजे या वैद्यक व्यवसायातील गृहस्थांनी 1852 मध्ये प्रसिद्ध केलेला समानार्थी शब्दांचा कोश आठवतो. त्यांनी कल्पना आणि तिच्या विरुद्धची कल्पना शेजारशेजारच्या स्तंभांत ठेवली होती. तिथे गुरुत्वासमोर लघुत्व एका ठिकाणी येते आणि प्रकाशासमोर अंधार पुष्कळ पुढे, वेगळ्याच विभागात येतो. त्यामुळे ‘लाइट’ शोधणाऱ्याला दोन पत्त्यांवर जावे लागते आणि तेवढ्यानेच अर्धा गोंधळ मिटतो. संगणकाने शोधणे सोपे केले, पण ती पायपीट वाचवताना तिच्यातून मिळणारे ज्ञानही वाचवून टाकले, असे कधी कधी वाटते.

यापेक्षा मोठी अडचण नामाची आहे. विशेषणाचा विरुद्धार्थी शब्द बहुतेक वेळा विशेषणावर ठरत नाही, त्याच्या पुढे कोणते नाम आहे यावर ठरतो. पाऊस ‘लाइट’ असेल तर समोर ‘हेवी’ निमूटपणे येतो. वाऱ्याला मात्र ‘स्ट्राँग’ लागते. समुद्रावरील वाऱ्याच्या बोफर्ट मापनश्रेणीत शून्यानंतरच्या पहिल्या दोन पायऱ्यांना ‘लाइट एअर’ आणि ‘लाइट ब्रीझ’ अशी नावे आहेत. तिथून वर चढत गेल्यावर ‘जेंटल’, ‘मॉडरेट’, ‘फ्रेश’, ‘स्ट्राँग’ आणि पुढे वादळांची नावे लागतात, पण ‘हेवी’ त्या शिडीवर कुठेच नाही. उलट समुद्राला ‘हेवी’ म्हणतात, म्हणजे खवळलेला, आणि त्याच्या विरुद्ध ‘लाइट’ न येता ‘काम’, म्हणजे शांत, येतो. जोडी एका दिशेने चालते आणि दुसऱ्या दिशेने अडते, हे वर्डनेटच्या रचनेत दाखवता येत नाही, कारण तिथे विरोधाचे नाते दोन्ही बाजूंनी सारखेच धरलेले आहे.

झोपेचे उदाहरण आणखी नाजूक आहे. ‘लाइट स्लीप’च्या समोर ‘डीप स्लीप’ अगदी स्वाभाविक आहे, पण चटकन जाग येणाऱ्या माणसाला ‘लाइट स्लीपर’ म्हटले तर त्याच्या विरुद्धचा माणूस ‘हेवी स्लीपर’ म्हणून अधिक ओळखला जातो. झोप आणि झोपणारा एवढ्याच फरकाने शब्द सरकतो. शिक्षा ‘लाइट’ असेल तर समोर ‘हेवी’ चालतो, पण ‘हार्श’, ‘सिव्हिअर’ किंवा ‘स्टिफ’ यांना त्या जागी अधिक धार आहे. ऑपेराच्या बाबतीत ‘लाइट’च्या समोर ‘ग्रँड’ आहे, आणि ‘हेवी ऑपेरा’ म्हटले तर ऐकणारा गोंधळेल. भाषाशास्त्रात ‘लाइट व्हर्ब’ अशी संज्ञा आहे. ‘वाचून टाकले’ यातील ‘टाकले’ या क्रियापदाने स्वतःचा फेकण्याचा अर्थ जसा जवळजवळ सोडून दिलेला आहे, तशा क्रियापदांना ती लावतात, आणि तिच्या विरुद्ध ‘फुल’ किंवा ‘लेक्सिकल’ हे विशेषण येते. त्याच भाषाशास्त्रात अक्षराचे वजन मोजताना मात्र ‘लाइट’ आणि ‘हेवी’ अशीच जोडी आहे, जी आपल्या छंदःशास्त्राच्या वाचकाला लघू आणि गुरू म्हणून पूर्वीपासून ठाऊक आहे. एकाच शास्त्रात एकाच विशेषणाला दोन निरनिराळे प्रतिपक्ष असतील तर सर्वसाधारण कोशाने काय करावे, असा प्रश्न रास्त आहे. तरीही ‘ग्रँड’ किंवा ‘फुल’ या शब्दांकडे जाणारी एखादी पायवाट तरी त्यात असायला हवी होती, असे माझे मत आहे.

पाण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. हॅरॉल्ड युरी यांनी 1931 मध्ये ड्यूटेरियम शोधून काढला आणि त्यानंतर ज्या पाण्यात हा जड हायड्रोजन आहे त्याला ‘हेवी वॉटर’, जड पाणी, असे नाव पडले. नेहमीच्या पाण्याला ‘लाइट’ म्हणण्याचे कारण तोपर्यंत कोणालाच नव्हते. विरुद्धार्थी शब्द आधी आला आणि मूळ शब्द त्याच्या मागून आला. मुष्टियुद्धात याहून गंमत आहे. तिथे ‘लाइट हेवीवेट’ नावाचा वजनगट आहे, व्यावसायिक मुष्टियुद्धात त्याची वरची मर्यादा 175 पौंड आहे, आणि त्या नावात दोन विरुद्धार्थी विशेषणे शेजारी बसूनही भांडत नाहीत, कारण तिथल्या ‘लाइट’चा अर्थ ‘एक पायरी खालचा’ एवढाच आहे. या ‘लाइट’ला विरुद्धार्थी शब्द शोधू नये. तो नाहीच.

जोडशब्दांत तर नियम शोधण्याचा मोह आवरावा. ‘लाइट-हार्टेड’च्या विरुद्ध ‘हेवी-हार्टेड’ आहे, ‘लाइट-हँडेड’च्या विरुद्ध ‘हेवी-हँडेड’ आहे, पण ‘लाइट-हेडेड’ म्हणजे डोके गरगरणारा, आणि त्याच्या विरुद्ध ‘क्लिअर-हेडेड’.

वर्डनेट विरोधाचे प्रकारही वेगळे करत नाही. जिवंत आणि मृत या जोडीत मधली अवस्था नसते. हलका आणि जड या जोडीत मधला प्रदेश खूप मोठा असतो, आणि ‘लाइट नाही’ म्हणजे ‘हेवी आहे’ असे म्हणता येत नाही. हे दोन्ही विरोध तिथे एकाच नावाखाली नोंदलेले आहेत. भारतात पुढे जे वर्डनेट तयार झाले त्यात या बाबीचा वेगळा विचार दिसतो. मुंबईच्या आयआयटीत विकसित झालेल्या हिंदी वर्डनेटमध्ये विरुद्धार्थाच्या नात्याला आकार, गुण, अवस्था, प्रमाण अशा निकषांची जोड दिलेली आहे, म्हणजे दोन शब्द कोणत्या बाबतीत विरुद्ध आहेत हे सांगण्याची सोय आहे. मराठी वर्डनेटही त्याच संस्थेत उभे राहिले. ‘लाइट’सारख्या शब्दाला नेमकी हीच सोय हवी असते: वजनाच्या बाबतीत हे, रंगाच्या बाबतीत ते.

मराठी वाचकाने हे साधन वापरताना आणखी एक सापळा ओळखून असावे. आपण ‘लाइट’चे ‘हलका’ करतो, ‘हेवी’चे ‘जड’ करतो आणि वर्डनेटमधील जोडी जशीच्या तशी मराठीत उतरली असे समजतो. जेवणाच्या आणि मनाच्या बाबतीत ती उतरतेही. जेवण हलके किंवा जड असते, निरोप जड अंतःकरणाने दिला जातो आणि रडून मन हलके होते. झोपेला मात्र आपण ‘सावध’ म्हणतो आणि तिच्या समोर ‘गाढ’ ठेवतो. शिक्षा सौम्य असते किंवा कडक असते. पाऊस भुरभुरतो किंवा मुसळधार पडतो. रंग फिकट किंवा गडद असतो, आणि ‘हलका गुलाबी’ म्हणणारे पुष्कळ असले तरी ‘जड गुलाबी’ कोणी म्हणत नाही. शिवाय मराठी ‘हलका’ला इंग्रजी ‘लाइट’मध्ये नसलेल्या वाटा आहेत. हलक्या प्रतीच्या मालासमोर उंची माल येतो, आणि हलक्या कानाच्या माणसाच्या विरुद्ध कोण, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. याचा अर्थ, इंग्रजी विरुद्धार्थी शब्द शोधून त्याचा अनुवाद करणे ही उलटी वाट आहे. आधी मराठीत त्या नामाजवळ कोणती जोडी नांदते ते पाहावे आणि मग इंग्रजीशी ताडून घ्यावे.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात. वर्डनेट विनामूल्य आहे आणि व्यावसायिक कामासाठीही वापरता येते. ते संगणकावर उतरवून घेता येते, आणि संगणकाला लेखी आज्ञा देण्याची सवय असलेल्यांना एका ओळीत एखाद्या विशेषणाचे सर्व विरुद्धार्थी शब्द अर्थवार मिळतात; प्रत्यक्ष कोणते आणि अप्रत्यक्ष कोणते हेही त्याच पडद्यावर दिसते. पायथन या संगणकीय भाषेत काम करणाऱ्यांना एनएलटीके या भाषाविषयक साधनांच्या तयार संचातून ते सहज हाताळता येते. मांडणी मात्र रूक्ष आहे. उच्चार दिलेले नाहीत. व्याख्या आटोपशीर असतात, कधी कधी इतक्या की दोन अर्थांतील फरक व्याख्येवरून न कळता उदाहरणावरूनच कळतो. म्हणून व्याख्या सोडून उदाहरण आधी वाचण्याची सवय मी लावून घेतली आहे. मूळ वर्डनेटची वाढ थांबलेली आहे. 2019 पासून ओपन इंग्लिश वर्डनेट या नावाने त्याची खुली, सुधारित आवृत्ती वेगळ्या गटाकडून प्रसिद्ध होत आली आहे. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिथूनच करावी. विद्यार्थ्याने शब्दसंग्रह वाढवण्यासाठी हे साधन घेऊ नये, त्याला ते कोरडे वाटेल आणि चुकीची गृहीतके शिकवेल. अनुवादक, संपादक आणि भाषेवर संगणकीय काम करणारे यांनी ते हाताशी ठेवावे, शेजारी शब्दांच्या सहवासाचा, म्हणजे कोणते विशेषण कोणत्या नामासोबत येते हे सांगणारा, एखादा चांगला कोश ठेवून.

तरीही काही वाक्यांपुढे दोन्ही कोश हात टेकतात. ‘लाइट बिअर’ फिकट रंगाची की कमी मद्यांशाची, हे त्या दोन शब्दांवरून ठरवता येत नाही, आणि म्हणून तिच्या विरुद्ध ‘डार्क’ की ‘स्ट्राँग’ हेही ठरत नाही. एका कथेच्या अनुवादात मला असेच वाक्य भेटले होते: नायिकेने ‘लाइट कोट’ घातला होता. वर्डनेटने दोन्ही अर्थ आणि दोन्ही विरुद्धार्थी शब्द नीट समोर ठेवले. कोट वजनाला हलका म्हणावा तर ऋतू तसा होता, आणि फिकट म्हणावा तर त्यालाही अडसर नव्हता. मी ती जागा कोरी सोडून पुढे गेलो. तीन पानांनंतर रस्त्यावरच्या एका गाडीने चिखल उडवला, आणि त्याचे डाग त्या कोटावर लांबूनही दिसत होते असे लेखकाने लिहिले होते. मागे येऊन मी कोऱ्या जागेत ‘फिकट’ लिहिले.